नलगोंड्याचे गुडघे : पाणी, ज्वारी आणि कारणाचा शोध

आजचा विषय हाडांचा आहे आणि वक्ता तत्त्वज्ञानाचा. मी वैद्य नाही, त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे मला विचारू नका. पण एखाद्या गोष्टीचे 'कारण' म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मी जन्मभर वर्गात शिकवला. त्या प्रश्नाची परीक्षा पाहणारे एक प्रकरण आपल्या शेजारच्याच मुलखात घडले आहे.

हाड म्हटले की आपल्याला कॅल्शियम आठवते. जाहिरातींनी एवढे काम चोख केले आहे. पण घराचा स्लॅब पडताना तुम्ही पाहिला असेल. आधी लोखंडी गजांची जाळी, मग काँक्रीट. हाडातही तसेच असते. कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी, आणि तिच्यावर कॅल्शियम-फॉस्फरसचा थर. आता गवंडी गजांच्या प्रत्येक जोडावर बारीक तार पिरगाळून बांधतो ना, ते काम शरीरात एक एन्झाइम करते, आणि त्या एन्झाइमला तांबे लागते. रोजचे एक-दोन मिलिग्रॅम, फार नाही. पण ते नसेल तर वरून कितीही काँक्रीट ओता, जाळी सुटीच राहणार. अशा अत्यल्प लागणाऱ्या द्रव्यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात.

आता इतिहासाकडे येऊ. 1930 च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून विचित्र वार्ता येऊ लागल्या. आधी गुरे. बैल आखडायचे, चालेनासे व्हायचे. गुरांच्या डॉक्टरांच्या अहवालांत या नोंदी माणसांच्या डॉक्टरांच्या आधी आल्या आहेत. शेतकऱ्याला बैलाचे दुखणे आधी दिसते, कारण त्याच्यावर पेरणी अडते. मग माणसे. मुलांच्या दातांवर खडूसारखे नि तपकिरी डाग, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायलेल्या मोठ्यांचा कणा बांबूसारखा ताठ. मान वळवायची तर सगळे अंग वळवावे लागे. गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटचे हेन्री शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी 1937 साली यावर निबंध छापला आणि विहिरीच्या पाण्यातले फ्लोराइड हे कारण ठरवले. हेच शॉर्ट पुढे गार्नहॅम यांच्यासोबत, मलेरियाचा जंतू यकृतात लपतो हे दाखवून गाजले.

जगात तेव्हा हवाच तशी होती. 1931 मध्ये दातांच्या डागांचा संबंध फ्लोराइडशी जोडला गेला होता. कोपनहेगनच्या कारखान्यात क्रायोलाइट दळणाऱ्या कामगारांच्या हाडांचे फोटो 1932 मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणजे नेल्लोरच्या शेतकऱ्याला आणि डॅनिश कामगाराला एकच आजार. एकाला पाण्यातून, दुसऱ्याला धुळीतून.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण 1940 साली किंग इन्स्टिट्यूटमधूनच दुसरा अभ्यास आला, चिंतामण गोविंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. हे पंडित पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे संचालक झाले. त्यांनी दाखवले की पाण्यातले फ्लोराइड सारखेच असले तरी आजाराची तीव्रता सारखी नसते. जिथे लोक गरीब आणि अन्न निकस, तिथे हाडे जास्त जातात. पाणी एक, हाडे दोन तऱ्हेची! तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान इथे टवकारतात. माझ्या मते भारतातल्या फ्लोरोसिसवरचा हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे, आणि पुढची तीस वर्षे तो कपाटातच राहिला म्हणायला हरकत नाही.

आता 1973. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. तिथले कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी 'लॅन्सेट'मध्ये लिहितात की नलगोंडा भागात काहीतरी नवेच दिसते आहे. रोगी म्हातारे नाहीत, वाढीच्या वयातली मुले आहेत. कणा ताठ होण्याऐवजी गुडघे आत वळलेत, एकमेकांवर घासतात, पावले लांब पडतात. आणि एक्स-रेमध्ये कणा दाट दिसतो, पण हातापायांची हाडे विरळ! जुना फ्लोरोसिस हाड घट्ट करणारा. हा एकाच देहात एकीकडे घट्ट, दुसरीकडे पोकळ. आणखी एक निरीक्षण असे की हा विकार मुख्यतः ज्वारी खाणाऱ्यांत होता, भात खाणाऱ्यांत नव्हता.

ज्वारी! आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात ज्वारीला नावे ठेवलेली कोणी ऐकून घेणार नाही, मीही नाही. पण शास्त्रज्ञांची साखळी ऐका. नागार्जुनसागर धरणाचा पाया 1955 मध्ये घातला गेला, 1967 मध्ये कालव्यांत पाणी सोडले. धरण-कालव्यांमुळे भूजलाची पातळी वाढली, माती जास्त अल्कधर्मी झाली. अशा मातीत तांबे-जस्त पिकाला कमी मिळते, पण मॉलिब्डेनम नावाचे दुसरे सूक्ष्म खनिज उलट जास्त शोषले जाते. ते ज्वारीच्या दाण्यात उतरले, दाण्यातून पोटात गेले, आणि मॉलिब्डेनम वाढले की शरीरातले तांबे बाहेर पडते. तांबे गेले की तार गेली, जाळी सैल. वर फ्लोराइड होतेच. अशी ती मांडणी.

यातला शेवटचा दुवा हवेतला नव्हता. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये काही कुरणांवर चरणाऱ्या गाई हगवणीने खंगत. 1938 मध्ये कळले की गवतात मॉलिब्डेनम जास्त आहे, आणि मोरचूद दिले की गाई बऱ्या होतात. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. तेव्हा हैदराबादला देवस्थळे आणि गोपालन यांनी माणसांवर प्रयोग केला, 1974 साली प्रसिद्ध झाला. ज्वारीच्या आहारातून रोज 160 मायक्रोग्रॅम मॉलिब्डेनम मिळाले तेव्हा लघवीतून 24 मायक्रोग्रॅम तांबे गेले; 540 ला 42 गेले; 1540 ला 77. पायरी-पायरीने वाढ. इतका सुबक आकडा हाती आला की मोह होतोच.

पण थांबा. आपल्या नैयायिकांनी कारण ओळखायची कसोटी दिली आहे ती अन्वय-व्यतिरेकाची. हे असेल तर ते असते, हे नसेल तर ते नसते. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 मध्ये युरोपात जवळपास तेच मांडले. आणि न्यायशास्त्रात एक गमतीचा शब्द आहे, 'अन्यथासिद्ध'. कुंभाराचे गाढव! माती गाढवावरून आली, मग मडके झाले. गाढव मडक्याच्या आधी हजर होते, तरी ते मडक्याचे कारण नव्हे; माती डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते.

तर नलगोंड्यात ज्वारी कारण की कुंभाराचे गाढव? विचार करा, तेव्हा तिथे ज्वारी कोण खात होते? ज्याला भात परवडत नव्हता तो. त्याच्या घरी दूध कमी, म्हणजे कॅल्शियम कमी. तो दिवसभर उन्हात राबतो, म्हणजे तेच पाणी जास्त पितो. भाकरीबरोबर एक अख्खी गरिबी ताटात येते, आणि ती वजा करून भाकरीचा हिशेब मांडणे फार अवघड. पुढे मेरठच्या तेवतिया दांपत्याने वर्षानुवर्षे मुले तपासून दाखवले की कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइड हाडे जास्त वाकवते. आणि 2000 साली अमेरिकेत टर्नलंड आणि कीज यांनी तरुणांना जवळपास 1500 मायक्रोग्रॅमपर्यंत मॉलिब्डेनम देऊन पाहिले. तांब्यावर काही दुष्परिणाम दिसला नाही.

मग देवस्थळे-गोपालन चुकले का? मी तसे म्हणणार नाही. अमेरिकन तरुणाच्या पोटातले जेवण आणि नलगोंड्याच्या मजुराच्या पोटातले जेवण एक नाही, हा 1940 चाच धडा आहे. पण मॉलिब्डेनम हे एकमेव खलनायक ठरवण्याइतका पुरावा उभा राहत नाही, असे माझे मत आहे. कॅल्शियमची तूट आणि फ्लोराइड ही जोडी जास्त भक्कम वाटते. तांबे तिच्या पाठीमागे, असलेच तर.

उपायाचा इतिहासही थोडक्यात सांगतो. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने 1970 च्या दशकात स्वस्त पद्धत काढली. पाण्यात चुना आणि तुरटी घाला, ढवळा, गाळ बसू द्या, फ्लोराइड गाळाबरोबर खाली जाते. नाव पडले 'नलगोंडा तंत्र'. आजाराच्या गावाचे नाव औषधाला, हे मला बरे वाटते. पण रोज मोजून तुरटी घालायची कोणी आणि तो गाळ टाकायचा कुठे, या साध्या प्रश्नांवर अनेक गावांत गाडे अडते. आणि विसंगती बघा, ज्या जिल्ह्याच्या अंगावरून महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा जाते, ज्याच्या उशाला एवढे धरण, तिथली माणसे बोअरवेलचे पाणी पीत राहिली. कालव्याचे पाणी पिकाला मिळाले, पोरांना मिळायला कैक वर्षे लागली. आपल्याकडेही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमध्ये अशी गावे आहेत, तेव्हा ही शेजाऱ्याची गोष्ट समजू नका.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे, "सर, मग ज्वारी खावी की नाही? आणि चिंचेने फ्लोराइड निघते म्हणतात, खरे का?" ज्वारी खुशाल खा. गावात बोअरचे पाणी असेल तर आधी पाणी तपासून घ्या. दर लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पिऊ नये. चिंचेबद्दल हैदराबादच्याच संस्थेचा 2002 चा अभ्यास आहे. 18 मुलांना रोज 10 ग्रॅम चिंच दिली, लघवीतून जाणारे फ्लोराइड वाढले. म्हणजे वरण-सांबारात चिंच घालणाऱ्या बाया काही वेडगळ नव्हत्या. मात्र वळलेला गुडघा चिंचेने सरळ होत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते, आणि तीही ज्याला परवडेल त्याची. पुढची चिठ्ठी द्या.