अडलेला बोल्ट आणि गाडीची धाव



हिंगोलीच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप तुम्ही कितीदा तरी पाहिली असेल. आठवडी बाजाराचा दिवस, जीप माणसांनी खच्चून भरलेली, आणि इंजिनातून एकाएकी फटफट असा फाटका आवाज येऊ लागतो. ड्रायव्हर म्हणतो, "मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं." इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधला जळका वायू एकत्र गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा बिडाचा जाड भाग म्हणजे हा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. त्याचे पॅकिंग दोन-चार रुपयांच्या मालासारखे दिसते. पण ते बदलायचे तर मॅनिफोल्ड काढावा लागतो, आणि तो काढायचा तर त्याचे बोल्ट सुटावे लागतात. इथेच सगळे अडते. बोल्ट हलत नाही. जोर केला तर तुटतो. मग एका पॅकिंगपायी हेड उतरवण्याची पाळी येते आणि जीप आठ दिवस मिस्त्रीच्या दारात उभी राहते. तसेच चालवत राहावे तर त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बैठकीपर्यंत येऊ शकतो. त्याला ना वास ना रंग. म्हणजे प्रश्न बोल्टचा खरा, पण आत बसलेल्या माणसांच्या जिवाचाही आहे.

हा बोल्ट का अडतो आणि कसा सुटतो, हे समजून घ्यायला आधी आपल्या गावच्या लोहाराकडे जाऊ.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची धाव कशी चढवत, हे वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. लोहार धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान करी. मग गोवऱ्यांचे आळे रचून ती लालबुंद तापवायची, चौघांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर ठेवायची, घणाने बसवायची आणि वर भराभर पाणी ओतायचे. तापलेले लोखंड पसरते, निवले की आक्रसते. चार फूट व्यासाच्या चाकाची धाव ६०० अंश सेल्सिअसने तापली तर तिचा घेर सुमारे एक इंचाने वाढतो. निवताना तोच इंच आरे, पाटे आणि तुंबा यांना एका मुठीत आवळून धरतो. ना खिळा, ना आटे. लोहाराने पुस्तक वाचले नव्हते, पण उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा धडा त्याच्या हातात होता.

आटे असलेला बोल्ट मात्र आपल्याकडे यंत्रांबरोबर आला. विलायतेतही पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका बोल्टची चाकी दुसऱ्याला बसेलच असा भरवसा नव्हता. हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ उभा केला. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा करून १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे एक माप सुचवले. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचे माप मांडले. युरोपात मिलिमीटरचे आटे रुळले. एक घोळ मिटला आणि तीन माप-घराणी उभी राहिली.

ही घराणी आपल्या मुलखातही आली. हिंगोलीला १९१२ साली पूर्णेहून रेल्वे आली, म्हणजे व्हिटवर्थच्या देशाचे लोखंड दारात आले. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. त्या गाड्या विलायती. पुढे हैदराबाद संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा राज्याच्या एस.टी. महामंडळात मिळाली. दरम्यान १९४७ पासून मुंबईत अमेरिकन धाटणीच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या. १९५४ पासून टाटांनी जर्मन सहकार्याने मिलिमीटरच्या मापाचे ट्रक काढले. १९५६ च्या कायद्याने देशानेही दशमान वजने-मापे स्वीकारली. कायदा झाला तरी जुन्या गाड्यांचे बोल्ट काही बदलले नाहीत.

याचा त्रास मिस्त्रीच्या हाताला झाला. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या जाडीचा आकडा असतो, तर मिलिमीटरच्या पान्यावर चाकीच्या दोन बाजूंमधल्या अंतराचा. व्हिटवर्थच्या ५/१६ इंची बोल्टची चाकी सुमारे सव्वापंधरा मिलिमीटर रुंद असते. तिला १५ चा पाना जात नाही आणि १६ चा सैल बसतो. सैल पाना सटकला की चाकीचे कोपरे झिजून गोल होतात. कितीतरी बोल्ट गंजाने अडण्याआधी चुकीच्या पान्यानेच मारले गेले आहेत.

आता गंजाकडे येऊ. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. आट्यांच्या बारीक फटीत तो पाचरीसारखा ठोकला जातो. त्यात मॅनिफोल्ड रोज तापतो, रोज निवतो. दोन फूट लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला तर सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो; हेडला पाण्याने थंडावा असतो, ते तेवढे लांबत नाही. हा ताण टोकाच्या बोल्टवर सर्वांत जास्त, म्हणून बहुधा तेच आधी तुटतात.

तर उपाय काय? पहिला उपाय घाई न करण्याचा. इंजिन पूर्ण निवू द्यावे आणि बॅटरीची तार सोडावी. जागा अडचणीची असेल तर फिल्टर, नळ्या, जे आड येते ते आधी बाजूला करावे. त्यात गेलेला अर्धा तास फुकट जात नाही. आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे पातळ तेल आदल्या रात्रीच सोडावे. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्यावेत; गंजाला बारीक भेगा पडून तेल आत उतरते. पाना सहा कोनी, घट्ट बसणारा, गोटी पाना असेल तर उत्तम. पान्याला लांब पाइप लावून हिसका देऊ नये. आधी जरासे आवळावे, मग सोडावे. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, मधे तेल.

एवढ्यानेही हलला नाही तर लोहाराची विद्या. स्टडवर चाकी असेल तर चाकी तापवावी, स्टड नव्हे. चाकी पसरली की तिची पकड ढिली होते. धावेचाच खेळ, फक्त उलटा. मात्र आधी तेल पुसून काढावे, आणि पेट्रोल-डिझेलच्या नळीजवळ ज्योत नेऊ नये. तिथे जाणत्या मिस्त्रीलाच बोलवावे.

बोल्ट तुटलाच तर उरलेल्या तुकड्यावर चाकी वेल्ड करून तो फिरवतात. वेल्डिंगची धग गंजही सोडवते. ते न साधले तर बरोबर मध्यावर भोक पाडून तुकडा काढतात. पुन्हा जोडताना आट्यांना उष्णता सोसणारी तांब्याची पेस्ट लावावी आणि मधल्या बोल्टपासून दोन्ही टोकांकडे आवळत जावे. पूर्वी पुष्कळ गाड्यांत इथे पितळी चाक्या घालत. पितळ लोखंडासारखे गंजत नाही.

शिक्षकबंधूंनो, प्रसरणाचा धडा शिकवताना प्रयोगशाळेतला गोळा आणि कडे दाखवालच. पण गावात लोहाराचा भाता अजून चालत असेल, तर मुलांना एकदा तिथे न्या, आणि परतताना मिस्त्रीच्या दुकानाशी थांबा. एकाने तापवून आवळले, दुसरा तापवून सोडवतो. नियम मात्र एकच, हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे. त्यांच्यापैकी एखादा उद्या पाना हाती घेईल. बोल्ट अडला तर जोर लावण्याआधी तो का अडला हे त्याने विचारावे, एवढे शिकला तरी बाजारची जीप वेळेवर घरी पोहोचेल.