दृष्टांताचा कर्ता : श्रद्धा आणि स्वप्नार्थ यांच्या संबंधाविषयी काही विचार

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी शहर मागे टाकले की वडपे हे गाव लागते. आज ते गोदामांमुळे आणि ठाण्याकडे जाणाऱ्या अवजड वाहतुकीमुळे ओळखले जाते. याच भिवंडी तालुक्यात, वडप्याच्या उत्तरेस, तानसा नदीच्या परिसरात वडवली येथे वज्रेश्वरीचे देवालय आहे. त्या देवालयाची स्थलकथा या भागात सर्वतोमुखी आहे. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध वसईची मोहीम सुरू केली. वेढा लांबला, तेव्हा चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला. देवीने त्यांच्या स्वप्नात येऊन किल्ला कसा घ्यावा हे सांगितले. मे १७३९ मध्ये वसई हाती आली आणि नवस फेडण्यासाठी हे देवालय उभे राहिले, अशी ती कथा होय. ही कथा सांगताना मराठी माणूस ‘अप्पांना स्वप्न पडले’ असे सहसा म्हणत नाही. ‘देवीने दृष्टांत दिला’ असेच तो म्हणतो. शब्दयोजनेतील हा भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि स्वप्नाचा अर्थ लावण्याच्या कामी श्रद्धा नेमके काय करते, याचा उलगडा होण्यास तोच उपयोगी पडेल असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम व्याकरणाचा विचार करू. ‘मला स्वप्न पडले’ या वाक्यात स्वप्न पाहणारा चतुर्थीत आहे आणि स्वप्न स्वतःच कर्त्याच्या स्थानी आहे. पाऊस पडावा, कोडे पडावे, तसे ते पडते. त्यामागे कोणाचा हेतू असल्याचे भाषा सुचवीत नाही. ‘देवीने मला दृष्टांत दिला’ या वाक्यातही स्वप्न पाहणारा चतुर्थीतच राहतो. परंतु आता तो केवळ भोक्ता नसून घेणारा ठरतो, कारण वाक्यात देणारी आली आहे. देणे आले की हेतू आला, हेतू आला की आज्ञा आली आणि आज्ञेबरोबर तिच्या पालनाची जबाबदारीही आली. पडलेले स्वप्न विसरता येते, मिळालेला दृष्टांत विसरणे हा अपराध होतो. अनुभव एकच असला तरी श्रद्धेने त्याला कर्ता पुरविला, आणि कर्ता मिळताच त्याचा अर्थ बदलला.

‘दृष्टांत’ या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. न्यायदर्शनातील सोळा पदार्थांमध्ये त्याची गणना होते. ज्या गोष्टीविषयी सामान्य लोक आणि परीक्षक यांची बुद्धी एकसारखी असते, तो दृष्टांत, असे त्याचे लक्षण सूत्रकाराने केले आहे. महानुभाव पंथातील केशिराजांच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरांचे एकशे चौदा दृष्टांत संगृहीत आहेत, तेथेही शब्दाचा अर्थ उदाहरण हाच आहे. पुढे मराठीत याच शब्दाला देवतेचे स्वप्नदर्शन हा अर्थ जडला. सर्वांना सारखेच दिसते त्याचे नाव अशा रीतीने एकट्यालाच दिसलेल्या गोष्टीला मिळाले. हा केवळ अर्थविपर्यास म्हणता येणार नाही. तर्कात दृष्टांत सिद्धांताला आधार देतो. भक्तिव्यवहारात तो वर्तनाला आधार देतो. दोन्ही ठिकाणी त्याचे कार्य संशय मिटविणे हेच आहे, आणि अर्थसंक्रमणाचा सांधा बहुधा येथेच असावा.

सर्वच स्वप्नांना असा मान द्यावा, असे मात्र आपल्या परंपरेने कधी मानले नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले यांतून येणारी पाच प्रकारची स्वप्ने निष्फळ ठरविली आहेत. भावी घटना सुचविणारे आणि दोषांच्या प्रकोपातून उद्भवणारे एवढे दोनच प्रकार विचारार्ह मानले आहेत. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्वप्नसृष्टी मायामात्र असल्याचे सांगून ती शुभाशुभाची सूचक असते, हेही मान्य केले आहे. म्हणजे स्वप्न मिथ्या असूनही खरे सांगू शकते, ही भूमिका शास्त्रकारांना विसंगत वाटली नाही. संतांनी हा वारसा पुढे चालविला. प्रपंच स्वप्नासारखा खोटा म्हणणारे तेच संत गुरूने स्वप्नात दिलेला मंत्र जागेपणीच्या कोणत्याही वस्तूपेक्षा खरा मानतात.

या श्रद्धेचे परिणाम किती भिन्न असू शकतात, हे तीन उदाहरणांवरून दिसेल. एकनाथांच्या स्वप्नात ज्ञानेश्वर आले आणि अजानवृक्षाची मुळी आपल्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढावी, असे त्यांनी सांगितले, अशी परंपरा आहे. नाथ आळंदीस गेले आणि पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. भाषेच्या अभ्यासकाला या कथेत वेगळेच मर्म दिसते. कंठाला वेढणारी मुळी आणि ग्रंथात शिरलेले अपपाठ यांची सांगड परंपरेने घातली आहे. मराठीतील पाठशुद्धीच्या आद्य प्रयत्नामागे लोकस्मृतीने एक दृष्टांत उभा केला, याचा अर्थ असा की पूज्य ग्रंथाला हात लावण्यास विद्वत्ता पुरेशी नव्हती. ग्रंथकर्त्याची अनुज्ञा हवी होती.

तुकोबांना माघ शुद्ध दशमीस बाबाजी चैतन्य यांनी स्वप्नात उपदेश केला, आणि नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितले आहे. धर्मविषयक काव्य रचण्याचा तुकोबांचा अधिकार त्या काळी वादाचा विषय झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या स्वप्नांचे महत्त्व कळते. जो अधिकार जातिव्यवस्था देत नव्हती तो येथे थेट देवाकडून आला.

बहिणाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. कोल्हापुरात असताना, लाडक्या वासराच्या मृत्यूने त्या व्याकूळ झाल्या होत्या. त्या अवस्थेत, शके १५६९ मध्ये, म्हणजे १६४७ च्या सुमारास, न पाहिलेल्या तुकोबांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, असे त्या आत्मनिवेदनात लिहितात. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा हे त्यांच्या पतीला असह्य झाले आणि त्यांनी मारहाण सोसली. घरात आणि समाजात ज्या निवडीला जागा नव्हती ती निवड त्यांनी केली, आणि तिचे समर्थन करताना स्वप्नाचाच आधार घेतला.

भिवंडीच्या परिसरात मराठीच्या जोडीला उर्दूही घरोघर बोलली जाते. तेथेही हाच भेद आढळतो. उर्दूत ‘ख्वाब’ पाहिला जातो, म्हणजे पाहणारा कर्ता असतो. परंतु शुभवार्ता सांगणाऱ्या स्वप्नदर्शनाला ‘बशारत’ म्हणतात, आणि ती दिली जाते किंवा होते. इस्लामी परंपरेने ईश्वराकडून येणारे, सैतानाकडून येणारे आणि मनाच्या व्यापारांतून उपजणारे असे स्वप्नांचे तीन वर्ग केले आहेत. चांगले स्वप्न पैगंबरत्वाच्या शेहेचाळीस अंशांपैकी एक अंश होय, असे हदीसमध्ये म्हटले आहे. दोन भिन्न धर्म, दोन भिन्न भाषा. परंतु सामान्य स्वप्न आणि दिलेले स्वप्न यांसाठी वेगळे शब्द आणि वेगळी क्रियापदे राखण्याची गरज दोघींनाही भासली.

श्रद्धा बदलली म्हणजे जुने स्वप्नही कसे नव्याने सांगावे लागते, याचे उदाहरण आधुनिक महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात आहे. परंपरागत बुद्धचरित्रांत मायादेवीच्या स्वप्नी शुभ्र हत्ती येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात स्वप्न कायम आहे, हत्ती मात्र नाही. तेथे सुमेध नावाचा बोधिसत्त्व येतो आणि तुम्ही माझी माता होण्यास संमती द्याल काय, असे विचारतो. चिन्हाची जागा प्रश्नाने घेतली. हत्तीचा अर्थ लावण्यास दैवज्ञ लागतो. प्रश्नाचे उत्तर स्वप्न पाहणारी स्त्री स्वतः देऊ शकते. बाबासाहेबांना धर्मात अभिप्रेत असलेले विवेकाचे आणि संमतीचे स्थान या एका फरकात दिसून येते.

आता पुन्हा वज्रेश्वरीकडे वळू. वसईचा तट सुरुंगांनी फुटला आणि दीर्घ वेढ्याने किल्ला जेरीस आला, हे इतिहास सांगतो. देवीच्या दृष्टांताची कथा स्थलपरंपरेतून आपल्यापर्यंत आली आहे. ती प्रथमपुरुषी निवेदन करणाऱ्या बहिणाबाईंच्या साक्षीच्या तोलाची नाही, हे अभ्यासकाने विसरू नये. भाविकाने कथा घटना म्हणून स्वीकारावी आणि चिकित्सकाने ती भाकड म्हणून टाकून द्यावी, हे दोन मार्ग नेहमीचेच आहेत. दोहोंतही कथेला प्रश्न विचारावयाचे राहून जाते. अप्पांना खरोखर काय दिसले, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्या दृष्टांताने कोणावर कोणते ऋण बसविले, हा प्रश्न मात्र कक्षेतला आहे, आणि वडवलीचे तटबंदीयुक्त देवालय हे त्याचे दगडी उत्तर होय. विजय सेनेचा होता. दृष्टांताने तो देवीचा ठरविला, आणि जेत्याला ऋणको केले.

यावरून एक नियम सुचवावासा वाटतो. जुन्या कागदांत, चरित्रांत वा स्थलकथांत स्वप्नाचा उल्लेख आला, तर त्याचा खरेखोटेपणा तपासण्याआधी वाक्याचा कर्ता शोधावा. स्वप्न पडले असेल, तर तेथे एका व्यक्तीचे मन आहे. ते कोणी दिले असेल, तर देणारा कोण, घेणारा कोण आणि घेणाऱ्याला त्यायोगे काय करण्याची मुभा मिळाली किंवा सक्ती झाली, हे पाहावे. एकनाथांना ग्रंथ शुद्ध करण्याची, तुकोबांना कवित्वाची आणि बहिणाबाईंना स्वतःचा गुरू निवडण्याची मुभा मिळाली. जागेपणीच्या समाजाने जे दरवाजे बंद ठेवले होते त्यांतील काही निद्रेत उघडले. आणि ते उघडण्याचे सामर्थ्य स्वप्नाला ज्या श्रद्धेने दिले, तीच श्रद्धा ते दरवाजे बंद ठेवणाऱ्यांचीही होती, हे विशेष होय.