पाणी नसलेले मेघ

मी कवितेचा माणूस. शिक्षण बी. ए.पर्यंतच; पण ‘मेघ’ हा शब्द भेटला की थांबतो. आज बोलायचे आहे ते पाणी नसलेल्या मेघांविषयी.

इ. स. ९६४च्या सुमारास इस्फहानच्या अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी आपल्या अरबी ग्रंथात देवयानी तारकासमूहातल्या एका ‘छोट्या ढगा’ची नोंद केली. दुर्बिणी आल्या आणि असे ढग शेकड्यांनी सापडले. १७८४मध्ये विल्यम हर्शेल यांनी त्रिकोण तारकासमूहात पाहिलेला एक ढग आज एनजीसी ६०४ म्हणून ओळखला जातो. पण हे ढग म्हणजे दूरच्या ताऱ्यांची दाटी, की खरोखरच वायू?

लंडनच्या विल्यम हगिन्स यांनी कापडाचा घरचा धंदा सोडून घरीच वेधशाळा थाटली होती. १८६४मध्ये त्यांनी कालेय तारकासमूहातल्या एका मेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा सलग रंगपट्टा नव्हता. होत्या फक्त मोजक्या तेजस्वी रेषा. म्हणजे वायूच! तो मेघ होता मरणाऱ्या ताऱ्याचा. तशाच रेषा मृगातल्या, तारे जन्माला घालणाऱ्या मेघातही दिसल्या. देवयानीचा ढग मात्र सलग पट्टा दाखवत होता. तो आपल्या आकाशगंगेबाहेरचा तारकासागर आहे, हे एडविन हबल यांच्या संशोधनातून १९२५मध्ये जाहीर झाले. एनजीसी ६०४सुद्धा अशाच परक्या दीर्घिकेतला, सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे दूर.

हा मेघ हजाराहून अधिक प्रकाशवर्षे रुंद आहे. त्यात दोनशेहून जास्त तप्त, तरुण तारे आहेत. त्यांच्या अतिनील किरणांनी वायूच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात. हायड्रोजनमध्ये ते पुन्हा परतताना तांबडा प्रकाश फाकतो. असे प्रचंड तारे काही दशलक्ष ते काही कोटी वर्षेच जगतात. म्हणून परक्या दीर्घिकेत जिथे तांबडी झाक, तिथे नुकतीच पाळणे हललेली. ही झाक मोजूनच शास्त्रज्ञ तिथल्या ताऱ्यांच्या जन्माचा वेग काढतात.

राहिल्या हगिन्स यांच्या हिरव्या रेषा. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी त्या जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे द्रव्य कल्पिले गेले. १९२७मध्ये अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी कोडे सोडवले: तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन होता. मेघ इतका विरळ की अणूंची टक्कर क्वचितच होते, म्हणूनच त्याला हा प्रकाश देण्याइतकी उसंत मिळते.

साठ वर्षे ज्याला परका म्हटले, तो आपल्या श्वासातलाच निघाला.