ग्रॅहॅमचं जेल आणि फुकुशिमाची गळती

बॅटरी किंवा सांडपाणी-शुद्धीकरणावरच्या बातम्यांत हल्ली 'हायड्रोजेल' हा शब्द हमखास भेटतो. वाटतं, गेल्या दहा-वीस वर्षांतलं काहीतरी असेल. प्रत्यक्षात हा शब्द १८६४ सालचा!

थॉमस ग्रॅहॅम हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ. लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख, आणि 'कोलॉइड' हा शब्दही त्याचाच. त्याने सोडियम सिलिकेटच्या द्रावणात (याला वॉटरग्लास म्हणतात) आम्ल घातलं आणि पडद्यातून झिरपू देऊन त्यातलं मीठ काढून टाकलं. उरलं एक पारदर्शक पाणी, जे काही दिवसांनी आपोआप थिजलं. सिलिकाचे कण एकमेकांना जोडले जाऊन जाळी तयार होते आणि पाणी त्यात अडकून बसतं, झालं हायड्रोजेल. मग पठ्ठ्याने त्यातल्या पाण्याच्या जागी अल्कोहोल भरून पाहिलं, सल्फ्युरिक आम्लसुद्धा!

गंमत बघा. लेड-ॲसिड बॅटरी प्लांतेने १८५९ मध्येच बनवली होती, आणि तिच्यात हेच आम्ल असतं. पण दोन गोष्टी जुळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९५७ च्या सुमारास जर्मनीतल्या सोनेनशाइन कंपनीत ओटो याखे याने आम्लात सिलिका मिसळून ते बॅटरीतच थिजवलं. आडवी ठेवा, सांडत नाही. शिवाय जेलला बारीक भेगा पडतात. त्यांतून ऑक्सिजन ऋण पट्टीकडे जातो आणि त्याचं परत पाणी होतं. म्हणजे दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर ओतायची कटकट गेली.

आता फुकुशिमा. ११ मार्च २०११ ची त्सुनामी सगळ्यांना आठवत असेल. २ एप्रिलला दोन नंबरच्या अणुभट्टीजवळच्या एका खड्ड्याला भेग सापडली. किरणोत्सर्गी पाणी थेट समुद्रात चाललं होतं. खड्ड्यात तासाला १००० मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मोजले गेले. कामगारांची तेव्हाची एकूण मर्यादा होती २५०. म्हणजे पंधरा मिनिटांत कोटा खलास.

आधी काँक्रीट ओतलं, उपयोग शून्य. मग पाणी शोषून फुगणारं पॉलिमर (डायपरमधलं असतं तसलं, तेही हायड्रोजेलच), सोबत लाकडाचा भुसा आणि वर्तमानपत्रांचे तुकडे. तरी धार तशीच. शेवटी पाण्यात पांढरा रंग सोडून माग काढला, तेव्हा कळलं की पाणी धरून चाललेल्या वाटेने जातच नव्हतं. ते खालच्या खडीच्या थरातून झिरपत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर, पॅच चांगला होता, बग दुसऱ्याच फाइलमध्ये होता.

मग जमिनीला भोकं पाडून खडीत वॉटरग्लास सोडलं, घट्ट करणाऱ्या रसायनासकट. ते द्रव म्हणून आत शिरलं आणि आत गेल्यावर थिजलं. ६ एप्रिलच्या पहाटे धार थांबली.

याने समुद्र स्वच्छ झाला असं अजिबात नाही. जे गेलं ते गेलंच, आणि साठलेल्या पाण्याचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं पुरला. पण मला यातून एक गोष्ट फार पटली. फुगणारं पॉलिमर जास्त आधुनिक होतं, तरी कामाला आलं ते ग्रॅहॅमचं जुनं जेल, कारण तिथे गरज होती आधी वाहून मग थिजणाऱ्या पदार्थाची. नवीन साहित्य शोधावंच, पण आधी पाणी नक्की कुठून चाललंय ते बघावं.