ईश्वरभय (ख्रिस्ती धर्म)

देवाच्या पावित्र्यापुढे व सामर्थ्यापुढे वाटणारा आदरयुक्त धाक. आज्ञापालन आणि पापाचा तिटकारा त्यातूनच उपजतो, असे ख्रिस्ती धर्मशास्त्र मानते. नीतिसूत्रांच्या ग्रंथात तो ज्ञानाचा आरंभ ठरतो. सर्वांत बोलके उदाहरण निर्गम ग्रंथातील इब्री सुइणींचे: देवाचे भय बाळगणाऱ्या या बायकांनी नवजात मुलगे मारण्याचा फारोचा हुकूम मोडला. देवाचा धाक येथे राजाच्या धाकावर मात करतो.

योहानाच्या पहिल्या पत्रात मात्र पूर्ण प्रेमापुढे भीती टिकत नाही, असे प्रतिपादन आहे. हा पेच तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ टॉमस अक्वायनसने नेमका सोडवला. शिक्षेला घाबरणे हे दासाचे भय. पित्यापासून दुरावू नये म्हणून जपणे हे पुत्राचे. प्रेम वाढते तसे पहिले ओसरते, दुसरे बळावते.

दासाच्या भयातून, म्हणजे नरकाच्या धास्तीने, होणारा पश्चात्ताप माणसाला ढोंगी बनवतो, असे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर म्हणे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये हा पश्चात्ताप अपूर्ण असला तरी देवाची देणगी ठरवला. गंमत अशी, की ल्यूथरच्याच १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत दहाही आज्ञांचे विवरण देवाचे भय व प्रेम या जोडीने सुरू होते.