खोटें औषध आणि खरी वेदना

माझ्या शिक्षकीच्या काळांत एक मुलगा मधल्या सुटीनंतर 'पोटांत दुखतें' म्हणून वारंवार माझ्याकडे येई. खेळांत त्याला कोणी घेत नसे. एकदां मीं त्याला ढोंगी म्हटलें. तो शब्द आज मलाच बोचतो. कां, तें कळावयास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

इ. स. १७९६ मध्यें अमेरिकेंतील एलिशा पर्किन्स या वैद्यानें धातूच्या दोन अणकुचीदार कांड्यांचें पेटंट घेतलें. दुखऱ्या जागेवरून त्या ओढल्या कीं वेदना निघून जाते, असा त्याचा दावा होता. लंडनमध्यें त्या पांच गिनींना विकल्या जात. १७९९ च्या जानेवारींत बाथ येथील डॉक्टर जॉन हेगार्थ यांनीं तशाच दिसणाऱ्या लांकडी कांड्या पांच संधिवाती रोग्यांवर चालविल्या. चौघांना आराम वाटला! दुसऱ्या दिवशीं खऱ्या कांड्या चालविल्या, तेव्हांहि अनुभव जवळजवळ तोच. गुण धातूचा नव्हता, विश्वासाचा होता. मात्र विश्वासालाहि मर्यादा असते. आपल्याच दुसऱ्या एका औषधावर विसंबून पर्किन्स पीतज्वराच्या रोग्यांवर उपचार करण्यास न्यू यॉर्कला गेला आणि त्याच वर्षीं त्याच तापानें दगावला.

मग तो आराम नुसता भासच काय? तसें नव्हे. लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स या संशोधकांनीं १९७८ मध्यें दाढ काढलेल्या रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. खोट्या औषधानें ज्यांना आराम पडला होता, त्यांना अफूचा गुण मारणारें नॅलॉक्सोन देतांच वेदना वाढली. अनुमान हें कीं, विश्वासानें शरीर स्वतःच अफूसारखीं द्रव्यें सोडतें.

मनाच्या जखमेचेंहि असेंच आहे. २०१७ मध्यें कोलोरॅडो विद्यापीठांतील संशोधकांनीं नुकताच प्रेमभंग झालेल्या ४० जणांच्या नाकांत मिठाचें पाणी फवारलें. ज्यांना 'हें दुःखावरील औषध आहे' असें सांगितलें, त्यांचें दुःख हलकें झालें. आणि शारीरिक वेदना आवरणारा मेंदूचा भागहि त्या कार्यांत सहभागी दिसला.

त्या मुलाचें पोट खरोखरच दुखत असेल. रोगाला खरेंच औषध हवें, त्याऐवजीं गोड शब्द देणें ही फसवणूक होय. पण औषधाबरोबर दिलेला विश्वासाचा शब्द वायां जात नाहीं. तो द्यावयास मला कांहींच खर्च नव्हता, आणि मीं तो दिला नाहीं.