रेम्ब्रांटने स्वतःचंच चित्र का खरवडलं?

आज जाऊया १६५३ सालच्या ॲम्स्टरडॅममध्ये. रेम्ब्रांटसमोर तांब्याचा पत्रा आहे, साधारण ३८ बाय ४५ सेंटिमीटरचा. विषय आहे येशूला क्रुसावर चढवलं तो दिवस. या चित्राला 'तीन क्रूस' म्हणतात.

नेहमीच्या एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर सुईने रेघा काढतात आणि ॲसिडने त्या खोल करतात. इथे रेम्ब्रांटने मुख्यतः ड्रायपॉइंट वापरलं, म्हणजे ॲसिड नाही, थेट सुईने तांबं ओरखडायचं. नांगराच्या तासाला जशी कडेने माती उचलली जाते, तसं रेघेच्या कडेला तांबं वर येतं. त्यात शाई अडकते आणि छापात मखमली काळेपणा उतरतो. अडचण एकच, प्रेसच्या दाबाने ही कड फार लवकर झिजते.

सुरुवातीचे छाप बघा. मधोमध येशू, दोन्ही बाजूंना दोन चोर, वरून प्रकाशाचा झोत. खाली गर्दी, आणि तिच्यात गुडघे टेकून बसलेला रोमन शताधिपती. आपण कुणाला मारलं, हे त्याला उमगलंय. तिसऱ्या आवृत्तीवर रेम्ब्रांटची सही आणि सालही आहे. म्हणजे काम संपलं ना?

नाही! पत्रा झिजल्यावर त्याने फिकट रेघा नुसत्या गडद केल्या नाहीत. गर्दीचा मोठा भाग खरवडून काढला. उंच टोपीवाला एक घोडेस्वार आणला, तोही इटलीच्या पिसानेल्लोने पंधराव्या शतकात केलेल्या पदकावरून. मग चित्रभर जाड रेघांचा अंधार ओतला. एक चोर त्यात जवळपास गडप झाला.

पत्र्याला 'अनडू' नसतं, मंडळी. आधीची आवृत्ती आता पुन्हा कधीच छापता येणार नव्हती. तरी त्याने हे का केलं असेल? लूकच्या शुभवर्तमानात दुपारी बारा ते तीन अंधार पडल्याचं सांगितलंय. मला वाटतं, पहिल्या छापांत त्या अंधारातही कुणाला तरी अर्थ सापडतो. चौथ्यात नुसता कल्लोळ आहे, कोण कुठे तेही कळत नाही. तिथे उभ्या असलेल्या माणसाला ती दुपार अशीच दिसली असणार.

ब्रिटिश म्युझियम आणि राइक्सम्युझियमच्या साइटवर याचे छाप आहेत. पहिला आणि चौथा शेजारी ठेवून, स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवून बघा. तुम्ही असता तर तिसऱ्यावरच थांबला असता का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!